पेशीपटलातले प्रथिन आणि संगणकावरचे गणित

हल्ली पुष्कळ शाळांतून पेशीचा पाठ शिकवताना चलचित्र दाखवले जाते. पडद्यावर पेशीपटलातील मेदाचे रेणू वाऱ्यावर डुलणाऱ्या ज्वारीच्या ताटांसारखे हलत असतात. त्यांच्या दाटीत एखादे प्रथिन उभे असते. बाहेरून एक रेणू येतो, प्रथिनाच्या खोबणीत बसतो आणि प्रथिन किंचित वळते. मुले रंगून जातात. मग एखादे चौकस मूल विचारते, "सर, हे शूटिंग कोणत्या कॅमेऱ्याने केले?"

प्रश्न साधा आहे, पण उत्तर देताना आपण अडखळतो. कॅमेरा नव्हता, हे नक्की. मग हे सारे चित्रकाराने मनानेच काढले का? काही चलचित्रे तशीही असतात. परंतु काही चलचित्रांमागे खरे गणित असते. प्रत्येक अणूवर किती बल लागते ते संगणक काढतो, त्यावरून तो अणू पुढच्या क्षणी कोठे असेल ते ठरवतो, आणि हे कोट्यवधी वेळा करतो. या अनुकरणाला सिम्युलेशन म्हणतात. ते कसे करतात आणि त्याच्या उत्तरावर किती भरवसा ठेवावा, हे आपण येथे एका प्रत्यक्ष उदाहरणावरून पाहू.

आम्ही राहतो त्या दीपनगरला सिम्युलेशन ही कल्पना अगदीच परकी नाही. येथील औष्णिक विद्युत केंद्रात ५०० मेगावॅटचे संच आहेत. असे संच चालवणाऱ्यांचे प्रशिक्षण सिम्युलेटरवर होते. समोर खऱ्यासारखेच नियंत्रण-फलक असतात, पण त्यांच्या मागे बॉयलर नसतो, समीकरणे असतात. पाण्याची पातळी उतरली, पंप बंद पडला, तर दाब आणि तापमान कसे बदलेल हे ती समीकरणे सांगतात. शिकाऊ माणसाने चुकीची कळ दाबली तरी काही फुटत नाही. पेशीपटलाचे सिम्युलेशन याच जातीचे आहे. मात्र दोघांत एक मोठा फरक आहे आणि त्याकडे आपण शेवटी येऊ.

तर्री, साबण आणि पटल

शेवभाजीवर तर्री तरंगते, कारण तेलाचे रेणू पाण्यात मिसळत नाहीत. पेशीपटलातील मेदरेणूंची गंमत अशी की त्यांचे एक टोक पाण्याशी सलगी करणारे, म्हणजे जलस्नेही असते, आणि उरलेल्या दोन लांब शेपट्या तेलासारख्या, जलद्वेषी असतात. असे रेणू पाण्यात सोडले की ते आपोआप दोन थरांत मांडले जातात. डोकी बाहेर पाण्याकडे आणि शेपट्या आत, एकमेकींच्या आडोशाला. हाच द्विस्तर पेशीभोवती असतो. त्याची जाडी सुमारे ५ नॅनोमीटर, म्हणजे एका मिलिमीटरचे दोन लाख भाग केले तर त्यातला एक. दृश्य प्रकाशाची तरंगलांबीच ४०० नॅनोमीटरच्या पुढे असल्याने शाळेतल्या सूक्ष्मदर्शकातून हा थर उलगडून दिसणे शक्य नाही.

तो दुहेरी आहे हे १९२५ साली गॉर्टर आणि ग्रेंडेल या डच संशोधकांनी मोठ्या युक्तीने दाखवले. त्यांनी तांबड्या रक्तपेशींतील मेद काढून पाण्यावर पसरवला आणि त्याचे क्षेत्रफळ मोजले. ते पेशींच्या पृष्ठफळाच्या सुमारे दुप्पट भरले. पुढे असे लक्षात आले की त्यांनी सगळा मेद काढलाच नव्हता, आणि पेशींचे पृष्ठफळही कमी धरले होते. दोन चुकांनी एकमेकींना खोडले आणि निष्कर्ष बरोबर निघाला. बरोबर उत्तर आले म्हणून रीतही बरोबर होती असे नसते, हे विद्यार्थ्यांना सांगण्यासाठी याहून चांगले उदाहरण आम्हाला ठाऊक नाही.

१९७२ साली सिंगर आणि निकोल्सन यांनी प्रवाही मोझेक प्रतिकृती मांडली. पाठ्यपुस्तकांतून आपण शिकवतो ती हीच. तीत दोन गोष्टी सांगितल्या आहेत. पटल प्रवाही आहे, त्यातले रेणू सारखे सरकत असतात. आणि या मेदाच्या तळ्यात प्रथिने रोवलेली असतात. फळ्यावर आकृती काढताना 'मोझेक' तेवढे उतरते, 'प्रवाही' राहून जाते. मेदरेणू ही प्रथिनाभोवतीची नुसती माती आहे, असा मुलांचा समज होतो. खरे तर ही माती प्रथिनाच्या कामात लुडबूड करते. आमचे उदाहरण त्याचेच आहे.

सेरोटोनिनचा ग्राही आणि कोलेस्टेरॉल

मेंदूतील पेशी एकमेकींना रासायनिक निरोप पाठवतात. सेरोटोनिन हा असाच एक निरोप्या. तो पेशीच्या आत शिरत नाही. पटलातील एका प्रथिनाला तो बाहेरून येऊन चिकटतो, आणि ते प्रथिन आतल्या बाजूला निरोप पोचवते. अशा प्रथिनाला ग्राही म्हणतात. सेरोटोनिनचे ग्राही अनेक प्रकारचे आहेत. त्यांपैकी 'सेरोटोनिन-१ए' हा मानवी ग्राही ४२२ अमिनो आम्लांचा बनलेला असून त्याची साखळी पटलातून सात वेळा आरपार गेलेली आहे. दर फेरीला ती मळसूत्रासारखी पिळलेली असते. चिंता आणि मनाच्या इतर विकारांवरील काही औषधे याच ग्राहीवर काम करतात. दम्याच्या पंपातले साल्ब्युटामॉल ज्या ग्राहीला चिकटते तोही याच सात मळसूत्रांच्या घराण्यातला आहे.

हैदराबादच्या पेशीय व रेणवीय जीवशास्त्र केंद्रात डॉ. अमिताभ चट्टोपाध्याय यांच्या गटाने या ग्राहीवर अनेक वर्षे काम केले. २००४ साली त्यांनी आणि थॉमस पुकाडिल यांनी (हे पुढे पुण्याच्या आयसर संस्थेत प्राध्यापक झाले) एक प्रयोग प्रसिद्ध केला. गाईच्या मेंदूच्या हिपोकॅम्पस या भागातील पटले त्यांनी घेतली आणि सायक्लोडेक्स्ट्रिन नावाच्या, कोलेस्टेरॉल उचलून नेणाऱ्या पदार्थाने त्यांतील कोलेस्टेरॉल कमी केले. ग्राही जागेवरच होता, पण त्याला चिकटणाऱ्या रेणूंचे प्रमाण घसरले. कोलेस्टेरॉल परत भरल्यावर ते बऱ्याच अंशी पूर्ववत झाले.

कोलेस्टेरॉल म्हटले की आपल्याला हृदयविकार आठवतो. परंतु प्राण्यांच्या पेशींच्या बाह्य पटलात ते मुळातच भरपूर असते, दर दहा मेदरेणूंमागे तीन-चार इतके. त्याच्यावाचून हा ग्राही नीट चालत नाही, असे प्रयोगाने दाखवले. पण का? शक्यता दोन. एक अशी की कोलेस्टेरॉलमुळे पटलाचा घट्टपणा आणि जाडी बदलते आणि त्या बदललेल्या पटलात ग्राहीचा आकार बदलतो. दुसरी अशी की कोलेस्टेरॉलचे रेणू ग्राहीच्या अंगावर ठरावीक ठिकाणी येऊन बसतात आणि त्याला आधार देतात. परीक्षानळीतल्या मोजमापाने या दोहोंत निवड करणे फार कठीण. कोणता रेणू कोठे उभा आहे हे पाहायला हवे. आणि ते दिसत तर नाही.

येथे पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील डॉ. दुर्बा सेनगुप्ता यांचे काम पुढे येते. त्यांनी आणि डॉ. चट्टोपाध्याय यांनी हा प्रश्न संगणकावर घेतला. २०१२ साली त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला. त्यातले निष्कर्ष पाहण्याआधी संगणक मुळात करतो काय, ते समजून घेऊ.

नववीच्या पुस्तकातला न्यूटन

करतो ते असे. प्रत्येक अणूची जागा आणि वेग संगणकाला दिलेले असतात. शेजारच्या अणूंमुळे त्यावर किती बल लागते ते सूत्रांनी काढायचे. रासायनिक बंध म्हणजे स्प्रिंग मानायची, ताणली की आत ओढते आणि दाबली की बाहेर ढकलते. प्रभारित अणूंसाठी कुलोमचा नियम. जवळ आलेल्या कोणत्याही दोन अणूंमध्ये थोडे आकर्षण, आणि फारच जवळ आले तर जोरदार प्रतिकर्षण. या सगळ्यांची बेरीज म्हणजे अणूवरचे बल. बलाला वस्तुमानाने भागले की त्वरण. त्वरणावरून पुढची जागा. न्यूटनचा दुसरा नियम नववीत असतोच, त्याच्या पलीकडचे येथे फारसे काही नाही.

हे वर्गात हाताने करून पाहता येते, आणि आम्ही आग्रहाने सांगू की एकदा कराच. फक्त गुणाकाराचे साधे यंत्र हवे. समजा, स्प्रिंगला लावलेली एक गोळी आहे आणि स्प्रिंग अशी आहे की गोळी मध्यापासून १ सेंटिमीटर दूर असताना तिचे त्वरण मध्याकडे १ सेंटिमीटर प्रति सेकंद वर्ग असते. दूर जाल तसे त्याच प्रमाणात वाढते. गोळी १ सेंटिमीटरवर धरून अलगद सोडली. आता अर्ध्या-अर्ध्या सेकंदाच्या पावलांनी तिची जागा काढायची. नियम असा:

पुढची जागा = २ × आताची जागा − मागची जागा + त्वरण × पावलाचा वर्ग.

त्वरण म्हणजे येथे उणे आताची जागा, आणि ०.५ चा वर्ग ०.२५. म्हणून नियम आणखी सोपा होतो: पुढची जागा = १.७५ × आताची जागा − मागची जागा. पहिल्या पावलाला 'मागची जागा' नसते, तेव्हा नेहमीचे अर्धे-त्वरण-गुणिले-वेळेचा-वर्ग वापरायचे, म्हणजे १ − ०.१२५ = ०.८७५. मुलांना चार दशांश स्थळे ठेवायला सांगावे. दोन स्थळांपर्यंत लिहिल्यास जागा अशा येतात: १, ०.८८, ०.५३, ०.०५, −०.४४, −०.८२, −०.९९, −०.९२. गोळी मध्य ओलांडून पलीकडे गेली आणि तेथून परत फिरली. आलेखकागदावर बिंदू मांडून जोडले की सुंदर वळण दिसते. कोणी गोळी पाहिली नाही, फक्त बल ठाऊक होते.

आता तेच गणित अडीच सेकंदांच्या पावलाने करून पाहा. पहिले पाऊल १ − ३.१२५ = −२.१२५. पुढचा नियम: −४.२५ × आताची जागा − मागची जागा. उत्तरे येतात ८.०३, मग −३२.०१, मग १२८. एक सेंटिमीटर ताणलेली गोळी चार पावलांत सव्वा मीटरवर! स्प्रिंग तीच, न्यूटन तोच, बिघडले फक्त पाऊल. या स्प्रिंगचा पूर्ण हेलकावा सुमारे ६.२८ सेकंदांचा आहे. पाऊल त्याच्या मानाने बरेच लहान हवे, नाहीतर गणित उधळते.

रेणूंच्या बाबतीत हीच अट महाग पडते. पाण्यातल्या हायड्रोजन-ऑक्सिजन बंधाचा एक हेलकावा सुमारे १० फेम्टोसेकंदांत होतो. एकावर पंधरा शून्ये इतके सेकंदाचे भाग केले तर त्यातला एक म्हणजे फेम्टोसेकंद. म्हणून पाऊल १ किंवा फार तर २ फेम्टोसेकंदांचे घ्यावे लागते. एक मायक्रोसेकंद, म्हणजे सेकंदाचा दहा लाखावा भाग, पाहायचा तर २ फेम्टोसेकंदांची ५० कोटी पावले. एका पावलाला संगणकाने एक सहस्रांश सेकंद घेतला तरी सुमारे सहा दिवस लागणार.

अणू तरी किती? एक ग्राही, त्याच्याभोवती पटलाचा चौकोनी तुकडा आणि वर-खाली पाणी घेतले की लाखाच्या आसपास अणू सहज होतात. त्यांच्या जोड्या ५०० कोटी. सगळ्या जोड्या दर पावलाला मोजत बसणे परवडत नाही. म्हणून दूरच्या जोड्यांसाठी वेगळ्या युक्त्या वापरतात. तुकड्याला कडा असेल तर कडेचे रेणू भलतेच वागतील, म्हणून कडाच ठेवत नाहीत: उजवीकडून बाहेर पडलेला अणू डावीकडून आत येतो. जुन्या मोबाइलवरच्या सापाच्या खेळात साप असाच यायचा. आणखी एक गोष्ट मुलांना सांगण्यासारखी आहे. चलचित्रात पाणी दिसत नाही, कारण दाखवताना ते पुसून टाकलेले असते. गणितात मात्र बहुतेक वेळा सर्वांत जास्त अणू पाण्याचेच असतात.

या पद्धतीच्या इतिहासात एक आपले नाव आहे. हैदराबादेत जन्मलेले अनीसुर रहमान यांनी १९६४ साली अमेरिकेतील अर्गोन प्रयोगशाळेत द्रवरूप अर्गॉनचे ८६४ अणू संगणकावर असेच हलवून दाखवले. द्रवातील अणूंच्या खऱ्यासारख्या बलांवर आधारलेले ते पहिले मोठे सिम्युलेशन होते. १९७७ साली मॅकॅमन, गेलिन आणि कारप्लस यांनी प्रथमच एक लहान प्रथिन हलवले, तेही १० पिकोसेकंदांहून कमी काळासाठी. कारप्लस, लेविट आणि वॉर्शेल यांना संगणकावरील रसायनशास्त्रासाठी २०१३ चे नोबेल पारितोषिक मिळाले. रहमान १९८७ सालीच वारले होते.

पुण्यात या कामाला हवी ती यंत्रेही तयार झाली. १९८८ साली तेथे सी-डॅक ही संस्था स्थापन झाली आणि डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ साली 'परम ८०००' हा महासंगणक उभा राहिला. त्याच मालिकेतला 'परम ब्रह्म' २०१९ साली पुण्याच्या आयसरमध्ये सुरू झाला. या महासंगणकांच्या कार्यक्रमात रेणूंची सिम्युलेशने हे एक नेहमीचे गिऱ्हाईक आहे.

केळी नव्हे, फण्या मोजायच्या

कोलेस्टेरॉलचा रेणू पटलात भटकत भटकत ग्राहीपर्यंत येणार, काही काळ थांबणार, निघून जाणार. हे सगळे अनेकदा घडलेले पाहायचे तर पुष्कळ मायक्रोसेकंद हवेत. २०१२ च्या सुमारास सर्व अणू घेऊन ते करणे अवघड होते. यावर तोड म्हणजे तपशील मुद्दाम कमी करणे.

आमच्या खान्देशात केळीचा माल भरताना कोणी केळी मोजत नाही. घड मोजतात, फार तर फण्या मोजतात. फणीतली केळी एकत्रच हलतात, तेव्हा हिशेबाला तेवढे पुरते. तसेच येथे करतात. हायड्रोजन वगळून साधारण चार-चार अणूंचा एक मणी करायचा. पाण्याचे चार रेणू मिळून एक मणी. कोणता मणी कोणाला किती ओढतो, हे प्रयोगांतल्या मोजमापांशी जुळवून ठरवायचे. नेदरलँडमधील ग्रोनिंगेन विद्यापीठात मारिंक आणि सहकाऱ्यांनी २००७ साली मांडलेली अशी एक पद्धत 'मार्टिनी' नावाने जगभर वापरात आली. (नाव मद्यावरून नाही, त्या शहरातल्या मार्टिनी मनोऱ्यावरून.) मणी जड आणि त्यांच्यातल्या स्प्रिंगा सैल, त्यामुळे पाऊल २०-३० फेम्टोसेकंदांचे घेता येते. मणी कमी आणि पाऊल मोठे, म्हणजे दुहेरी बचत.

बचतीची किंमतही द्यावी लागते. या पद्धतीत प्रथिनाची मळसूत्रे आधीच पक्की बांधून ठेवावी लागतात, ती उलगडू किंवा नव्याने वळू शकत नाहीत. रेणू खऱ्यापेक्षा काहीसे चपळ होतात, त्यामुळे घड्याळही जपून वाचावे लागते. फण्या मोजणाऱ्याला एका केळ्यावरचा डाग दिसत नाही, तसलाच हा प्रकार.

दुसरी उणीव याहून मोठी होती. सेरोटोनिन-१ए ग्राहीची खरी रचना तेव्हा कोणालाच माहीत नव्हती. त्याच्या घराण्यातल्या, वर सांगितलेल्या साल्ब्युटामॉलवाल्या ग्राहीची रचना २००७ साली उजेडात आली होती. तिच्यावर बेतून या ग्राहीची प्रतिकृती बनवली गेली. धाकट्याचे माप नसेल तर थोरल्याच्या मापावरून सदरा शिवावा, तसे.

हजेरीपट

मग सिम्युलेशन चालवले. कोलेस्टेरॉल पटलात विखुरलेले, ग्राही मध्ये. ते ग्राहीवर कोठे बसावे हे कोणी सांगितलेले नव्हते. निष्कर्ष काढण्याची रीत आपल्या ओळखीची आहे. ग्राहीच्या प्रत्येक अमिनो आम्लासमोर एक हजेरीपट ठेवायचा. दर ठरावीक क्षणाला पाहायचे, कोलेस्टेरॉल तेथे हजर आहे की गैरहजर. शेवटी टक्केवारी काढायची, आणि सलग हजेरी किती काळ होती तेही पाहायचे.

हजेरी सगळीकडे सारखी भरली नाही. काही ठिकाणी ती ठळकपणे जास्त होती, विशेषतः पाचव्या मळसूत्रावरील एका जागी. अनेक प्रथिनांत कोलेस्टेरॉलशी संबंध असलेल्या जागी अमिनो आम्लांचा एक विशिष्ट क्रम आढळतो, आणि ही जागा तशा क्रमाची होती. म्हणजे दुसऱ्या शक्यतेला बळ मिळाले. मात्र कोलेस्टेरॉल तेथे कुलपात किल्ली बसावी तसे बसून राहत नव्हते. काही नॅनोसेकंद ते काही मायक्रोसेकंद थांबून ते निघून जाई आणि त्याची जागा दुसरा रेणू घेई. बसण्याची ठिकाणे ठरलेली, बसणारे बदलते. एस. टी. स्टँडवरच्या बाकासारखे म्हणा. 'ठरावीक जागी चिकटणे' आणि 'पटलाचा सर्वसाधारण परिणाम' अशी काटेकोर विभागणी जी आपण वर केली, तीच थोडी ढिली पडली.

आता मुख्य प्रश्न. यावर विश्वास ठेवायचा का? उधार घेतलेली रचना, चार-चार अणूंचे मणी, मोजक्याच प्रकारचे मेद. २०१२ साली प्रामाणिक उत्तर 'पाहू' एवढेच होते. तपासणी नऊ वर्षांनी झाली, आणि एकाच वर्षी दोन बाजूंनी.

२०२१ साली चिनी संशोधकांच्या एका गटाने क्रायो-इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने या ग्राहीची खरी रचना 'नेचर' मध्ये प्रसिद्ध केली. ग्राही गोठवून, त्याची लाखो अंधूक चित्रे घेऊन, ती एकत्र करून ही रचना काढतात. त्यात ग्राहीच्या अंगाला लागून कोलेस्टेरॉलचे रेणू खरोखरच दिसले. अ‍ॅरिपिप्राझोल हे औषध ज्या खोबणीत बसते तिचा आकार ठरवण्यात कोलेस्टेरॉलचा हात असल्याचेही त्या निबंधात दाखवले आहे. कोलेस्टेरॉल ग्राहीला नुसते वेढत नाही, त्याच्या अंगाला भिडते, ही गोष्ट गणिताने नव्हे तर चित्राने पुढे आली.

दुसरी तपासणी हैदराबादेतच झाली. डॉ. चट्टोपाध्याय यांच्या गटाने दुसऱ्या आणि पाचव्या मळसूत्रांवरील तशा विशिष्ट क्रमांतली महत्त्वाची अमिनो आम्ले बदलून ग्राही तयार केले, आणि कोलेस्टेरॉल कमी केल्याची दखल ते घेतात का हे पाहिले. निर्णायक ठरले ते १०१ क्रमांकाचे लायसिन. ते बदलले की ग्राहीला कोलेस्टेरॉलच्या घटीची जाणीव उरत नव्हती. आणि हे लायसिन पाचव्या नव्हे, दुसऱ्या मळसूत्रावर आहे.

येथे घाईने 'सिम्युलेशन चुकले' असे म्हणणे बरोबर नाही. त्याला विचारले होते की कोलेस्टेरॉल कोठे जास्त वेळ थांबते. कोठे थांबल्याने ग्राहीचे काम बदलते, हे विचारलेच नव्हते. मळसूत्रे बांधून ठेवलेल्या त्या पद्धतीला ते सांगताही आले नसते. वर्गातली हजेरी आणि वर्गातले लक्ष यांतला फरक आपल्याला कोणी समजावून द्यायला नको. मात्र २०१२ चा निबंध वाचून पाचवे मळसूत्र हेच कोलेस्टेरॉलची कळ आहे असे कोणी मुलांना ठासून सांगितले असते, तर ते चुकीचे ठरले असते. त्याच २०२१ च्या निबंधात, आता सर्व अणू घेऊन केलेले, नवे सिम्युलेशनही आहे. ग्राही कोलेस्टेरॉलची दखल घेत असतो त्या अवस्थेत त्याच्या बाहेरच्या बाजूच्या वेटोळ्यांची हालचाल कमी होते, असे त्यात आढळले. म्हणजे प्रयोगाने जागा दाखवली आणि गणित तेथे काय घडत असावे ते शोधायला परत गेले.

विद्युत केंद्राच्या सिम्युलेटरशी असलेला फरक आता सांगता येईल. त्या सिम्युलेटरची समीकरणे खऱ्या संचाच्या मापकांशी ताडून बसवलेली असतात. बॉयलरमधल्या दाबाबद्दल त्याने काही चुकीचे सांगितले तर अनुभवी चालक लगेच हटकतो. कारण खरा संच शेजारी उभा असतो. पटलातल्या ग्राहीला मापक लावलेला नाही. सिम्युलेशन येथे माहीत असलेल्याचा सराव देत नाही, माहीत नसलेल्याबद्दल अंदाज करते. म्हणून त्याचे चलचित्र वर्गात दाखवताना तीन गोष्टी विचारायची सवय मुलांना लावता येते. कोणती रचना गृहीत धरली? काय वगळले? कोणत्या प्रयोगाशी ते ताडून पाहिले? ज्या चलचित्राला तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर नाही, ते आम्ही वर्गात दाखवतो, पण 'असे असावे' म्हणून दाखवतो.

खऱ्या पटलाचे काम अजून पुष्कळ बाकी आहे. २०१४ साली ग्रोनिंगेनच्या गटाने ६३ प्रकारचे मेदरेणू घेऊन पेशीच्या बाह्य पटलाचे मार्टिनी सिम्युलेशन केले. आतल्या आणि बाहेरच्या थरांत वेगवेगळे मेद ठेवले. पण त्यात प्रथिने नव्हती. खऱ्या पेशीच्या पटलात मेदांचे प्रकार शेकड्यांनी आहेत आणि प्रथिनांची तर दाटी आहे.

ज्या शाळेत एखादा बरा संगणक आणि इंटरनेट आहे, तेथे दहावी-अकरावीची मुले प्रथिन-रचनांच्या सार्वजनिक संग्रहातून सेरोटोनिन-१ए ग्राहीची २०२१ ची रचना विनामूल्य उतरवून पडद्यावर फिरवून पाहू शकतात. त्यात १०१ क्रमांकाचे लायसिन शोधायला सांगावे आणि मग त्याच्या शेजारी कोलेस्टेरॉलचा रेणू सापडतो का, ते बघायला सांगावे. गणित करणारी 'ग्रोमॅक्स' ही प्रणालीही विनामूल्य असून साध्या संगणकावर चालते. ग्राहीसाठी तो संगणक अपुरा पडेल. पाण्याच्या लहानशा डब्यासाठी मात्र तो पुरतो. पावलाची लांबी वाढवत नेऊन तो डबा कधी उधळतो हे पाहण्यासाठीही पुरतो.